पहिले पशुवैद्य नुसते नालबंद होते?

एप्रिलमध्ये जागतिक पशुवैद्यक दिन आला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘पहिले पशुवैद्य म्हणजे शिकलेले नालबंद. नाल ठोकण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. विज्ञान, संगीत, कला ही माणसांच्या डॉक्टरांची मिरास.’

नालांचं आधी मिटवून टाकू. फ्रान्समधल्या लिआँत 1762मध्ये पहिली पशुवैद्यक शाळा भरली, तिथे भट्टी होतीच आणि नाल मारणं अभ्यासातच होतं. त्यात कमीपणा कसला? पण ती शाळा काढणारा क्लोद बुर्जला त्याआधी वीसेक वर्षं अश्वारोहणाची अकादमी चालवत होता. तिथे सरदारांची पोरं घोडेस्वारीबरोबर तलवारबाजी, गणित आणि संगीत शिकत. फ्रेंच विचारवंत दिदरोच्या विश्वकोशातही बुर्जलाचे लेख आहेत. म्हणून त्याचा प्रत्येक विद्यार्थी गवई झाला असं मात्र कुणी समजू नये.

कलेचं म्हणाल, तर पॅरिसजवळच्या आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेचं संग्रहालय बघा. तिथे शरीररचना शिकवणारा ओनोरे फ्रागोनार हा चित्रकार फ्रागोनारचा भाऊबंद. दोघंही ग्रासचे, दोघांचा जन्म 1732चा. हा गडी मेलेल्या जनावरांची कातडी सोलायचा, रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरायचा, स्नायू हवे तसे ताणून वाळवायचा. दौडता घोडा आणि त्याच्यावर स्वार, दोघंही कातडीविना, अजून तिथे आहेत. ही कल्पना जर्मन चित्रकार ड्यूररच्या चित्रावरून घेतली, असं सांगतात. नुसतं शिकवायचंच असतं तर उभा घोडा पुरला असता, स्वार कशाला हवा होता? मला तर ते फोटोतही बघवत नाही, पण ती कला नाही असं म्हणायची माझी छाती नाही. 1771मध्ये शाळेने त्याला काढलं. मग तो उमरावांच्या संग्रहांसाठी असले नमुने करू लागला.

राहिलं विज्ञान. कोपनहेगनची पशुवैद्यक शाळा 1773मध्ये काढणारा पेटर आबिलगोर लिआँतच शिकलेला, शिवाय माणसांच्या वैद्यकातही पदवीधर. म्हणजे मेसेजमधली भिंत इथेच पडली. त्याचा भाऊ निकोलाय डेन्मार्कचा नामवंत चित्रकार, वडीलही चित्रं काढणारे. पेटरने 1775मध्ये कोंबडीच्या डोक्याला विजेचा झटका दिला. ती निपचित पडली. छातीतून दुसरा दिला, तशी उठली. हे त्याने पुन्हापुन्हा केलं. डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राच्या, इतिहासात हा प्रयोग आजही सांगतात. कोंबडीने एक दिवस दाण्याला तोंड लावलं नाही, मग ठणठणीत झाली आणि अंडंही दिलं.