खाऱ्या वाऱ्यातली सायकल

माझी टायटॅनियमची फॅट बाइक, म्हणजे जाड टायरची सायकल, घरी येऊन चार महिने झाले. पाम बीच रोडवर, नेरूळच्या तलावापाशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये माणसं थांबवून दोनच प्रश्न विचारतात. टायर एवढे जाड कशाला, आणि केवढ्याला पडली? किंमत सांगितली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, एवढ्यात बुलेट आली असती." उभ्या उभ्या प्रत्येकाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी पंचवीस वर्षं तुर्भ्याला एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. केमिकल प्लांटना लागणाऱ्या टाक्या, हीट एक्स्चेंजर वगैरे आम्ही बनवतो. समुद्राचं पाणी किंवा ओला क्लोरीन जिथून जातो तिथे चांगल्या स्टेनलेसलाही बारीक बारीक भोकं पडतात. तिथे टायटॅनियम टिकतं. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ थर आपोआप धरतो, ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो, आणि मीठ त्याच्या आत शिरू शकत नाही. त्यामुळे मला हा धातू कधी दागिन्यासारखा वाटला नाही. खाडीला लागून राहणाऱ्या माणसाने टायटॅनियम वापरणं म्हणजे पावसात रेनकोट घालण्यासारखं आहे, इतकी साधी गोष्ट आहे ती.

सहा वर्षांपूर्वी मी पहिली फॅट बाइक ऑनलाइन मागवली. १४ हजारांची, लोखंडी फ्रेम, वजन १९ किलो. दिसायला दणकट होती आणि मुलगी तिच्यावर खूश होती. तीन पावसाळे गेले आणि एकदा सीट वर घ्यायला गेलो तर सीटपोस्ट हलेना. अल्युमिनियमची नळी लोखंडाच्या नळीत अडकून एकजीव झाली होती. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, दुसरं काय होणार? तेल सोडलं, रात्रभर ठेवली, दुसऱ्या दिवशी पान्ह्याला पाइप लावून जोर दिला. शेवटी वरून कापली आणि आतला तुकडा हॅकसॉच्या पात्याने उभा चिरत बसलो, दोन रविवार. मग फ्रेम उलटी केली, तेव्हा पेडलच्या डब्यातून (पेडलचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो तिथून) चहाच्या रंगाचं पाणी आणि ओंजळभर गंज खाली पडला. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून नळी कागदासारखी झालेली. ती सायकल मी भंगारात दिली. कुणाला वापरायला द्यायला मन झालं नाही.

इथे मला मनापासून राग आहे तो सांगतो. आपल्याकडे फॅट बाइक म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच काही फक्त दिसण्यासाठी बनवलेलं असतं. जड फ्रेम, पत्र्याचे डिस्क ब्रेक, आणि टायरमध्ये ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. मग पोरं हायवेवर ती ढकलत घाम गाळतात आणि म्हणतात, फॅट बाइक चालवायला फार जड असते. चूक त्या पोरांची नाही. ही सायकल कशासाठी आहे ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. अलास्काच्या बर्फात आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूत चाक रुतू नये म्हणून तिथल्या लोकांनी १९८०च्या दशकात खटपटी सुरू केल्या, कुणी दोन रिम शेजारी शेजारी जोडून वेल्ड केल्या. कारखान्यात सरसकट बनणारी पहिली फॅट बाइक सर्ली पग्सली, ती आली २००५ साली. या सगळ्यामागे गोष्ट एकच आहे, हवा कमी ठेवणं. चार इंची टायरमध्ये माझ्या ७४ किलो वजनाला वाळूत ५ ते ६ पीएसआय पुरते, रस्त्यावर १२ ते १४. साध्या पंपाच्या काट्यावर हे कळत नाही, डिजिटल गेज लागतो. आमच्या इथला पंक्चरवाला अंगठ्याने टायर दाबून बघतो आणि "साहेब, हवा नाहीये हो यात" म्हणत नळी लावायला येतो. त्याला एकदा मोकळ्या प्लॉटमधल्या रेतीत सायकल चालवून दाखवली. तेव्हापासून तो हात लावत नाही.

तर दुसरी सायकल घ्यायची वेळ आली तेव्हा दोन गोष्टी पक्क्या होत्या. फ्रेम गंजणारी नको आणि माप माझं हवं. माझी उंची ५ फूट ५ इंच. फॅट बाइकचं २६ इंची चाक टायरसकट जवळजवळ २९ इंची होतं, त्यामुळे तयार मापाच्या सायकलीवरून खाली उतरलो की वरचा दांडा लागतो. इथल्या दुकानांत या धातूची, माझ्या मापाची फ्रेम मिळाली नाही. चीनमध्ये ऑर्डरप्रमाणे टायटॅनियमच्या फ्रेम बनवणारे कारखाने आहेत, त्यांतल्या एकाशी ईमेलवर बोलणं सुरू केलं. पायांच्या मध्ये जाड पुस्तक धरून, भिंतीला पाठ लावून बायकोकडून पायाचं आतल्या बाजूचं माप घेतलं, ७६ सेंटीमीटर. हातांची लांबी, खांदे, सगळं कळवलं. ड्रॉइंग तीनदा बदललं. वरचा दांडा उतरता घेतला. केबल बाहेरून ठेवल्या, कारण नळीच्या आतून गेलेली केबल बदलायला रस्त्यात कुणाला जमणार? पेडलचा डबा थ्रेडचा घेतला, दाबून बसवायचा नको म्हटलं.

सगळ्यात जास्त विचार मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, रुंदीचा केला. १९७ मिलीमीटर घेतलं तर पाच इंचाच्या आसपासचा टायर मावतो, पण दोन पेडलमधलं अंतर आणखी वाढतं. फॅट बाइकवर आधीच पाय फाकलेले असतात आणि माझा डावा गुडघा कुरकुरणारा. कोकणची वाळू ओहोटीला घट्ट असते, तिथे चार इंच भरपूर होतात. म्हणून १७७ घेतलं. मला विचाराल तर टायटॅनियम की अल्युमिनियम या वादापेक्षा हा निर्णय मोठा होता. धातू चुकला तर सायकल लवकर जाते, माप चुकलं तर गुडघा जातो.

अडीच महिन्यांनी खोकं आलं. कस्टम्सबद्दल थोडक्यात सांगतो. केवायसीचे कागद, इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा आधीच तयार ठेवा. ड्युटी, तिच्यावर सरचार्ज आणि मग सगळ्यावर आयजीएसटी असा हिशोब लागतो, तो ऑर्डर देण्याआधीच बजेटमध्ये धरा. किंमत कमी दाखवू का असं कारखान्याने विचारलं होतं. नको म्हटलं.

खोकं उघडल्यावर मी आधी टॉर्च आणला. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. वेल्ड रुपेरी किंवा फिकट गवती रंगाचा असेल तर काम चांगलं. निळा, जांभळा दिसला तर आर्गॉन कमी पडलाय. पांढरी भुकटी दिसली तर तुकडा फेकून द्यायचा, आमच्या शॉपमध्ये तरी हाच नियम आहे. एकेक सांधा पाहिला. हेडट्यूबपाशी (हँडलखालच्या पुढच्या नळीपाशी) माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी शिवण, कुठे थांबल्याची खूण नाही. कॅमेऱ्याची वायर नळीत सोडून आतली बाजूही पाहिली, तिथेही रुपेरी. ज्या वेल्डरने हे काम केलं त्याला मी कधी भेटणार नाही, पण हात जोडावेसे वाटले. रंग नाही, स्टिकर नाही, नुसती राखाडी धातूची फ्रेम, एका हाताने सहज उचलता येणारी. लोखंडाच्या जवळपास निम्म्या वजनाचा धातू असतो हा.

चाकांनी मात्र रडवलं. ती दुसऱ्या एका विक्रेत्याकडून मागवली होती. ऑर्डरमध्ये १७७ लिहिलेलं, खोक्यावर १७७ छापलेलं आणि आत हब १९७चा. वीस मिलीमीटरचा फरक, फ्रेम ताणून बसवण्यासारखा नाही. फोटो पाठवले, कॅलिपर लावून व्हिडिओ पाठवला, तिकडून रोज नवीन माणूस पहिल्यापासून विचारायचा. पाच आठवडे गेले. परतीचा खर्च मी द्यायचा असं त्यांचं म्हणणं होतं, तो मी दिला नाही. शेवटी चाक बदलून मिळालं. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी एवढं करा, खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा आणि जोडणीला घेण्याआधी सगळी मापं कॅलिपरने तपासा.

आता जोडणी. टायटॅनियमच्या थ्रेडला कोरडा बोल्ट लावला तर धातू धातूला धरतो आणि मग तो बोल्ट तोडूनच काढावा लागतो. म्हणून प्रत्येक थ्रेडला, सीटपोस्टला, पेडलच्या डब्याला अँटीसीझ पेस्ट लावली. वाशीच्या ज्या मिस्त्रींकडे मी वर्षानुवर्षं जातो त्यांनी टायटॅनियमची फ्रेम हातात पहिल्यांदाच घेतली होती. "साहेब, यात माझ्याकडून काही बिघडलं तर?" म्हणाले. मी म्हटलं, आपण दोघं मिळून करू. तीन संध्याकाळी बसलो. चाकांची तार त्यांनी अशी ओढली की चार महिन्यांत हात लावावा लागला नाही. बाटलीचे, ब्रेकचे, रॅकचे बोल्ट सगळे ३१६ स्टेनलेसचे बसवले. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून हँडल धरणाऱ्या स्टेमखालचे दोन स्पेसर (रिंगा) टायटॅनियमच्या तुकड्यातून काढून घेतले. त्याने मजुरीचे पैसे घेतले नाहीत, एक फेरी मारू द्या एवढंच म्हणाला.

फ्रेमच्या पुढच्या बॅजचं, म्हणजे नावाच्या पट्टीचं, काम घरी केलं. शॉपमधल्या टायटॅनियमच्या पत्र्याचा उरलेला तुकडा घासून गुळगुळीत केला, त्यावर आईचं नाव देवनागरीत कोरून घेतलं. मग मुलगी आणि मी जेवणाच्या टेबलावर बसलो. प्लास्टिकच्या डब्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, पॉझिटिव्ह वायर बॅजला आणि निगेटिव्ह स्टीलच्या चमच्याला. दोघांनी हातमोजे घातले होते. तुकडा पाण्यात सोडला तसे बारीक बुडबुडे आले, धातू आधी गवती झाला, मग तपकिरी, मग जांभळा आणि बघता बघता गडद निळा. "बाबा, रंग कुठून आला?" मुलीने विचारलं. रंग कुठूनच आलेला नसतो. वर ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाश त्यातून येताना निळा दिसतो. व्होल्टेज बदललं की थराची जाडी बदलते आणि रंगही. ती रात्री उशिरापर्यंत उरलेले तुकडे बुडवत बसली होती. सायकल आपली झाली असं मला वाटलं ते त्या रात्री.

आईचं नाव का, ते सांगायला हवं. तिचं माहेर रत्नागिरीजवळ काळबादेवीला. लहानपणी सुट्टीत आम्ही दोऱ्याला चुंबक बांधून किनाऱ्यावर ओढायचो, त्याला काळ्या वाळूची दाढी यायची. त्या काळ्या कणांत लोहखनिजाच्या कणांबरोबर इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. केरळात चवराला अशाच किनाऱ्याच्या वाळूपासून टायटॅनियमचा स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, काढतात. आईला हे सांगायचं राहून गेलं.

चालवण्याबद्दल. रोज सकाळी पाम बीचला बेलापूरपर्यंत जाऊन येतो, पण खरी मजा अलिबागजवळच्या आक्षी-नागावला. आपल्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर जातं आणि मैदानासारखी ओली वाळू मोकळी होते. मी आदल्या दिवशी करंजाहून लाँचने रेवसला जातो, सायकल बरोबर, मित्राकडे मुक्काम. पहाटे टायरमधली हवा साडेपाचवर आणली की चाक वाळूवर दबत पसरतं, आवाज येतो तो फक्त बारीक चरचर. कोळी बायका टोपल्या घेऊन होड्यांकडे निघालेल्या असतात. त्यांच्या वाळवणापासून, जाळ्यांपासून लांब राहायचं, वरच्या कोरड्या वाळूतल्या वेलींवर चाक घालायचं नाही आणि कांदळवनात तर अजिबात शिरायचं नाही. टायर जाड आहे म्हणून कुठेही घुसायचा परवाना मिळत नाही.

घरी आल्यावर बादलीभर गोड्या पाण्याने सायकल धुतो. फ्रेम पुसली की झालं, पण चेन, बेअरिंग आणि ब्रेकचे पिस्टन टायटॅनियमचे नसतात. फ्रेम गंजत नाही म्हणून सायकल गंजत नाही, असं समजणाऱ्यांची चेन महिन्यात जाते.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: फ्रेम, फोर्क, चाकं, गिअर, ड्युटी, कुरिअर, मजुरी धरून २ लाख ४० हजारांच्या आसपास. वजन साडेबारा किलो. पैसे तीन वर्षं बाजूला टाकून जमवले, कर्ज काढलेलं नाही. मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि उंचीला माझ्यावर गेली आहे. सीट वरखाली केली तर पुढे ही फ्रेम तिलाही चालेल, हे ड्रॉइंग ठरवताना मी धरूनच चाललो होतो.

येत्या अमावास्येला पुन्हा आक्षीला जातोय. कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. फॅट बाइक नसली तरी चालेल, ओल्या वाळूवर आलटून पालटून माझीच चालवू. उंची पाच-तीन ते पाच-सातच्या मधली हवी, हेल्मेट ज्याचं त्याने आणायचं, आणि गेज मी आणतोय.