‘इंग्रजी शिकायला आता शिक्षक लागत नाही’ या दाव्याला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचा आशय असा की, इंग्रजी शिकण्यासाठी लागणारे सगळे साहित्य आता इंटरनेटवर फुकट मिळते; मराठी शाळेतल्या शिक्षकांना स्वतःलाच इंग्रजी नीट येत नाही, तेव्हा त्यांच्याकडून चुकीचे शिकण्यापेक्षा मुलांनी इंग्रजांचेच व्हिडिओ पाहावेत; हातात साधन आले की मुले आपोआप शिकतात हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे; आणि म्हणून शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी त्याच पैशांत प्रत्येक मुलाला टॅब द्यावा. हा संदेश मला ज्यांनी पाठवला त्यांत मुलांची मनापासून काळजी असलेले पालक आहेत, त्यामुळे तो नुसता पुसून टाकणे मला योग्य वाटले नाही. मी एकोणीस वर्षे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवते आणि ऑनलाइन साहित्य जवळजवळ रोज वापरते. माझा आक्षेप त्या साहित्याला नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

पहिला मुद्दा साहित्य फुकट असण्याचा. ते खरोखरच आहे आणि उत्तम आहे, हे मी आनंदाने मान्य करते. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा बहुतेक शाळांत पाठ्यपुस्तक, खडू आणि फळा एवढेच शिक्षकाच्या हाताशी होते. आज प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर शेकडो गोष्टी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत, आणि २०१५ पासून चालू असलेल्या या संग्रहाचा परवाना मुक्त असल्यामुळे त्या गोष्टी छापता येतात, बदलता येतात, आपल्या बोलीत उतरवता येतात. बीबीसी आणि ब्रिटिश कौन्सिल यांची शिकणाऱ्यांसाठीची संकेतस्थळे आहेत. मूल मोठ्याने वाचत असताना ऐकणारे आणि अडलेला शब्द सांगणारे गूगलचे ‘रीड अलाँग’ आहे. २०१७ साली सुरू झालेले ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड थेट त्याच्याशी जोडलेले आहेत.

पण एखादी गोष्ट उपलब्ध असणे आणि ती मुलापर्यंत पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते. देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘यू-डायस प्लस’ या सरकारी यंत्रणेच्या २०२३-२४ च्या माहितीनुसार देशातल्या ५३.९ टक्के शाळांतच इंटरनेट होते. घरचा फोन म्हणावा, तर माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत तो वडिलांबरोबर सकाळी बाहेर पडतो आणि अंधार पडल्यावर परत येतो. फोन हातात आला तरी काय होते, ते ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची घरोघरी पाहणी करणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालात दिसते. १४ ते १६ वर्षांच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी.

याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी तुलना. त्याच ‘असर’च्या पाहणीनुसार २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि २०२२ मध्ये सुमारे ७५ टक्के घरांत, म्हणजे चार वर्षांत प्रमाण दुप्पट झाले. पाचवीतली किती मुले इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकतात याचे उत्तर मात्र २०१६ मध्ये २४.७ टक्के होते आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. मधल्या काळात शाळा दीर्घकाळ बंद होत्या, त्याचा फटका या आकड्यात नक्कीच आहे. परंतु शाळा बंद असतानाचा काळ म्हणजेच संदेशात सुचवलेली परिस्थिती नव्हे काय? ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजच्या अभ्यासमालेचे दुवे पाठवले, शिक्षकांनी ते पुढे पालकांना पाठवले. साहित्य होते, फुकट होते. समोर बसून ऐकणारे माणूस तेवढे नव्हते.

दुसरा मुद्दा इंग्रजांच्या व्हिडिओंचा, आणि इथे मला सविस्तर लिहावे लागेल, कारण इंग्रजी शिकताना मुलाला नेमके कुठे अडते याविषयीचा गैरसमज या मुद्द्याच्या मुळाशी आहे. उच्चारांच्या बाबतीत ध्वनिफितींचा उपयोग होतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. ‘व्हेजिटेबल’ आणि ‘कम्फर्टेबल’ हे शब्द मी जसे लिहिले तसेच पूर्ण उच्चारत असे. बोलताना इंग्रज त्यांतला एकेक स्वर गाळतात, हे मला तिशी उलटल्यावर ऐकून कळले. माझ्या विद्यार्थ्यांना ते आठव्या वर्षी ऐकायला मिळते, ही मोठीच सोय आहे. मात्र ऐकलेला ध्वनी मुलाच्या तोंडात आणण्याचे काम त्याच्या भाषेतून सोपे होते. ‘जेवण’ आणि ‘जहाज’ या शब्दांतले दोन ‘ज’ मराठी मूल न शिकवता वेगळे उच्चारते, म्हणून ‘झू’चा पहिला ध्वनी जहाजातल्या ‘ज’च्या जवळचा आहे एवढे सांगितले की काम निम्मे होते.

उच्चारांपेक्षा कठीण गोष्ट वाक्याची आहे. पाचवीतली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, मी मँगो लाइक.” त्यातला ‘मी’ हा इंग्रजीतला होता. वर्ग हसला, पण तिने जे केले ते अत्यंत तर्कशुद्ध होते. मराठीत ‘मला आंबा आवडतो’, म्हणून तिने ‘मला’साठी ‘मी’ हा इंग्रजी शब्द योजला आणि पुढची रचना मराठीच ठेवली. व्हिडिओतली बाई तिला ‘आय लाइक मँगोज’ हे वाक्य शंभर वेळा ऐकवील आणि ॲप तिच्या उत्तरापुढे लाल फुली दाखवील, पण ती ‘मी’ का म्हणाली हे त्या दोघांनाही कळणार नाही, कारण ते साहित्य जगभरातल्या मुलांसाठी एकाच साच्यात केलेले असते.

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर मराठीतली सात वाक्ये एकाखाली एक लिहिली. मला भूक लागली. मला ताप आहे. मला आंबा आवडतो. मला पेन हवे. मला पोहता येते. मला जायचे आहे. मला वाटते. सातही वाक्यांची सुरुवात ‘मला’ने होते. त्यांच्यासमोर मुलांच्या मदतीने इंग्रजी वाक्ये आली: आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीव्हर, आय लाइक मँगोज, आय वॉन्ट अ पेन, आय कॅन स्विम, आय हॅव टु गो, आय थिंक. डावीकडे एकच ‘मला’, उजवीकडे एकच ‘आय’, आणि त्यानंतरचा शब्द मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीत वेगळा, हे चौतीस मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. सहाव्या ओळीवर एका मुलाने विचारले की जायची इच्छा असेल तर काय म्हणायचे आणि जावेच लागणार असेल तर काय. त्यामुळे त्या ओळीसमोर ‘आय वॉन्ट टु गो’ हे दुसरे वाक्य आले. मराठी वाक्यात दडलेले दोन अर्थ त्याला इंग्रजीमुळे दिसले. हा तक्ता आता कार्डशीटवर लिहून वर्गात कायमचा लावला आहे. तो करायला इंटरनेट लागले नाही. मुलांची भाषा येणारे माणूस लागले.

संदेशातला सर्वांत बोचरा भाग शिक्षकांना इंग्रजी येत नाही हा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्यापैकी अनेकांचे स्वतःचे शिक्षण मराठीत झाले, इंग्रजी पाचवीपासून आणि तेही भाषांतर व घोकंपट्टी यांच्या आधारे झाले, आणि नोकरीत आल्यावर पहिलीच्या मुलांशी इंग्रजीत बोलण्याची वेळ आली. ही उणीव खरी आहे. पण शिक्षकाला बाजूला काढून ती भरून निघत नाही, आणि ऑनलाइन साहित्याचा सर्वांत चांगला उपयोग मी याच ठिकाणी झालेला पाहिला आहे. २०१६ ते २०१९ या काळात राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ प्रकल्प चालवला. त्यात प्राथमिक शिक्षक आपल्या भागात गटाने जमत, स्वतः इंग्रजीत बोलत आणि वर्गात करायच्या कृती आधी आपसांत करून पाहत. त्याच्याही आधी पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी संवादी रेडिओ कार्यक्रम तयार केला होता. अशा कार्यक्रमात निवेदकाचा आवाज प्रश्न विचारून थांबतो, मुले उत्तर देतात आणि वर्गातला शिक्षक ते घडवून आणतो. चांगला आवाज बाहेरून, वर्ग शिक्षकाच्या हाती, ही विभागणी मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. क्यूआर कोडसाठी ज्यांचे नाव जगभर गेले आणि ज्यांना २०२० चे ग्लोबल टीचर पारितोषिक मिळाले ते रणजितसिंह डिसले हेही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षकच होते.

आता प्रयोगांचा आधार पाहू. संदेशात दिल्लीतल्या ‘भिंतीतल्या संगणका’चा उल्लेख असतो. १९९९ साली शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी कालकाजी येथे वस्तीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला आणि मुले कोणी न शिकवता तो चालवायला शिकली, हे खरे आहे. पण संगणक चालवणे वेगळे आणि दुसऱ्या भाषेत आपले म्हणणे मांडणे वेगळे. शिवाय खुद्द मित्रा यांनीच २००९ पासून स्काइपवरून मुलांशी गप्पा मारणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे उभे केले, ज्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणतात. २०१३ च्या टेड पारितोषिकातून त्यांनी मुलांनी स्वतः शिकण्याच्या ज्या सात प्रयोगशाळा उभारल्या, त्यांतली एक आपल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत, म्हणजे मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शिक्षकांच्या संस्थेत होती. भिंतीतल्या संगणकापाशी माणसे आणावी लागली, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध संदेशात नसतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (त्या वेळचे औरंगाबाद) गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले इंटरनेटवरून जपानी शिकली, हे उदाहरणही हमखास दिले जाते. त्या मुलांचे आणि शाळेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु त्या वेळच्या बातम्यांतच नमूद आहे की एका भाषातज्ज्ञाने त्यांच्यासाठी विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. पडद्यापलीकडे मुलांचे ऐकणारे माणूस होते.

केवळ यंत्र वाटण्याचा एक फार मोठा प्रयोग पेरू देशात झाला. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ साली प्रसिद्ध केला, आणि मुलांना लॅपटॉप दिल्यामुळे गणितात वा भाषेत प्रगती झाल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. याउलट दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकावर शिकवणाऱ्या केंद्रांत साडेचार महिन्यांत हिंदी आणि गणितात लक्षणीय सुधारणा दिसली. तो अभ्यास मला आशादायक वाटतो, कारण मुलाची पातळी ओळखून प्रश्न देणारे सॉफ्टवेअर काय करू शकते ते त्यातून कळते. मात्र तिथल्या दीड तासातला निम्मा वेळ मुले लहान गटात एका सहायक शिक्षकाबरोबर बसत असत.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या नव्या संवादी साधनांबद्दल एवढेच म्हणते की, ज्याला प्रश्न विचारता येतो त्याला ती भरभरून देतात. पाठ तयार करताना मी ती वापरते. चौथीतल्या मुलाला अजून आपण कुठे अडलो आहोत हेच सांगता येत नसते.

राहता राहिला टॅब की शिक्षक हा प्रश्न. द्विशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी असली की चार इयत्ता एकाच शिक्षकाकडे येतात, आणि मग चांगल्यातला चांगला व्हिडिओही मुलांना गप्प बसवण्यासाठी लावला जातो. शाळांवर खर्च करायचाच असेल, तर ती जागा आधी भरावी, मग वर्गाला एक चांगला स्पीकर, छापलेल्या गोष्टींचा एक संच आणि शिक्षकांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसून इंग्रजीत बोलण्याची संधी द्यावी. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आम्ही हे छोट्या प्रमाणावर करतो. दर महिन्याला एक इंग्रजी गोष्ट निवडतो, तिच्यातला बर्फ आणि धुराडे काढून ओढा आणि चूल घालतो, छापतो, आणि मुलांना ती आधी नुसती ऐकवतो.

गेल्या महिन्यात गोष्ट ऐकवून झाल्यावर मी एका मुलाला विचारले की म्हातारीने पिशवीत काय ठेवले होते. तो उभा राहिला, बराच वेळ त्याने भिंतीवरचा ‘मला’चा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, “बाई, ‘मला आठवत नाही’ कुठल्या ओळीत येईल?” ती ओळ तक्त्यात नव्हती. आम्ही ती आठवी म्हणून खाली लिहिली: आय डोन्ट रिमेंबर.