राज्य कुठलं, आणि अप्पांचं बी-१२

"वर्ष कुठलं? महिना कुठला? आपण कुठल्या राज्यात आहोत?"

अप्पांची स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरबाई कन्नडमध्ये विचारत होत्या, नर्स मराठीत सांगत होती. वर्षाला अप्पा अडखळले. महिना 'श्रावण' म्हणाले. ते बरोबरच होतं, खरं बाईंच्या कागदावर ऑगस्ट होता. राज्याला मात्र क्षणभर थांबले नाहीत. "महाराष्ट्र!" माणूस जन्मानं बेळगावजवळच्या, आज कर्नाटकात असलेल्या येळ्ळूरचा. 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक २०१४ मध्ये काढला गेला, तोवर त्याच्यासमोरूनच ये-जा केलेला. बाईंनी तिथं शून्य मांडला. मी म्हटलं, "मॅडम, हे विसरणं नव्हे. आमच्याकडं १९५६ पासून सगळे असंच म्हणतात." हसल्या. मार्क काही दिला नाही.

पुढचा प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. शंभरातून सात वजा करत चला. भाताच्या पोत्यांचा हिशेब आयुष्यभर तोंडी करणारे अप्पा. त्र्याण्णव म्हणाले आणि तिथंच थांबले. माझ्याकडं बघत राहिले.

वर्षभर आम्ही सगळे एकच म्हणत होतो, वय झालं. चुलत्यांनी म्हटलं, गल्लीनं म्हटलं, मीही म्हटलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, वय झालं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, वय झालं. तळपायाला मुंग्या येतात, बांधावरून चालताना तोल जातो म्हणाले, तेही वयाच्याच खात्यात टाकलं. हा एक शब्द मिळाला की घरातलं कुणी पुढं काही विचारतच नाही. माझा राग त्याच्यावर आहे.

बाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. साखरेसाठी मेटफॉर्मिन, १२ वर्षं. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, कधीपासून ते कुणालाच आठवेना. मग विचारलं, मटण-मासे? अप्पांनी गळ्यातल्या माळेवर बोट ठेवलं. माळ घातल्याला तीस वर्षं झाली.

बी-१२ हे जीवनसत्त्व मटण, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं, भाजी-भाकरीत जवळजवळ नसतंच. अन्नातून ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते वयानं कमी होतं, पित्ताच्या गोळीनं आणखी कमी. वर मेटफॉर्मिन आतड्यातलं शोषण घटवतं. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही कळत नाही. अप्पांच्या दुधाचं म्हणाल तर दिवसभरातले चार कप चहा. त्यात दूध किती असतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

रिपोर्ट आला १२८. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. आणि हिमोग्लोबिन? साडेतेरा! वर्षभर आम्ही त्याच आकड्यावर निर्धास्त होतो. रक्त चांगलं असतानाही बी-१२ अभावी नसा आणि मेंदू बिघडू शकतो, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८८ मध्येच छापून दाखवलंय. त्यात अप्पा मेडिकलमधून आणलेल्या रक्तवाढीच्या गोळ्याही खात होते. अशा गोळ्यांतलं नुसतं फॉलिक ॲसिड रक्त सुधारतं, आतली कमतरता झाकून ठेवतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

इंजेक्शनं सुरू झाली. चार महिन्यांनी मुंग्या बऱ्याच कमी आहेत, काठी दाराआड उभी आहे. वजाबाकी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर अशी गेली आणि मग "अजून किती खाली नेणार?" असं त्यांनीच विचारलं. नातवाच्या नावाला अजून अडखळतात. सगळं परत येईल असं बाईंनी कधीच म्हटलं नव्हतं. नसांना फार काळ उपास घडला तर काही भाग कायमचा जातो. ते एक वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही.

आता हे वाचून कुणी आईबापाला उद्या 'ताकदीची सुई' टोचून आणू नका. आमच्या शेजारच्या मामींना अल्झायमर आहे. मुलानं दोन वर्षं महागडी इंजेक्शनं दिली, उपयोग शून्य, कारण त्यांचं बी-१२ मुळात कमी नव्हतंच. जगभरातल्या चाचण्यांतल्या सुमारे २२ हजार लोकांचे निकाल २०१४ मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हाही ब-जीवनसत्त्वांनी विस्मरणाला रोखल्याचं दिसलं नाही. ज्यांच्यात होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) जास्त होतं अशांत मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाल्याचं ऑक्सफर्डच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं होतं, तेवढाच काय तो आधार. म्हणजे खड्डा असेल तर भरा. सपाट जमिनीवर माती ओतून डोंगर होत नाही.

ड जीवनसत्त्वाचं तर विचारूच नका. आठवड्याला एक घ्यायची ६० हजार युनिटची पुडी रोज घेणारे लोक आहेत. रक्तात कॅल्शियम वाढलं की माणूस उलट जास्तच भ्रमिष्टासारखा वागतो.

आणि तपासणी सुईच्या आधी करा. एकदा इंजेक्शन घेतलं की आकडा फुगतो, मग खरं काय होतं ते कळायला मार्ग नाही. मला तपासणीला सातशेच्या आसपास पडले. आमच्याकडं एका लग्नाच्या आहेराला याहून जास्त जातात.

अंडं खा म्हटलं तर अप्पा अजून माळेवर बोट ठेवतात. मी वाद घालत नाही, गोळी-इंजेक्शन आहे. आमच्या ह्यांना मेटफॉर्मिन सुरू होऊन सहा वर्षं झाली. परवा गाडीची किल्ली शोधत अर्धा तास घर पालथं घातलं आणि स्वतःच म्हणाले, "वय झालं गं." सोमवारी सकाळी लॅबमध्ये नेतेय.