प्रायमर बघून पावडर वाढवू नका

मॅग्नमची, म्हणजे जास्त दाबाची, काडतुसं घरी भरायच्या 'सोप्या पद्धती'चा मेसेज ह्या महिन्यात मला तिसऱ्यांदा आला, ह्यावेळी तर आपल्या नाशिकच्याच एका नेमबाज पोराने पाठवला. त्यात लिहिलंय की पुस्तकातले आकडे कंपन्यांनी कोर्टकचेरीच्या भीतीने कमी छापलेत, प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी वाटी) चपटा होत नाही तोवर पावडर वाढवत जा, भीती वाटली तर निम्मी टाका, आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, तोंडाशी फाटेपर्यंत परत परत वापरा. मी सातपूरला टूलरूममध्ये २२ वर्षं काढलीत, भाचा अमेरिकेत फिनिक्सला रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या परत भरायचं काम, करतो, त्याच्या गॅरेजमध्ये महिनाभर शेजारी बसून सगळं बघितलंय, म्हणून लिहितोय.

आधी आपल्याकडचं. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं. रिव्हॉल्व्हरचं लायसन्स आहे म्हणजे काडतूस बनवायचंही आहे असं नाही. तेव्हा इथे कुणी हे करून बघू नका.

आता आकड्यांचं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांत ३८ स्पेशलची प्रेशरची मर्यादा १७,००० पीएसआय, ३५७ मॅग्नमची ३५,०००, आणि ३०० विन मॅग रायफलची ६४,०००. १९३५ ला ३५७ आली तेव्हा तिची पुंगळी मुद्दाम साधारण एक अष्टमांश इंच लांब केली, जुन्या ३८ च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, ती बसूच नये म्हणून. पुस्तकातले आकडे टेस्ट बॅरलवर प्रेशर मोजून काढलेले असतात, कुणी घाबरून कमी केलेले नाहीत. आणि ते त्याच बुलेटचे, त्याच प्रायमरचे, त्याच पावडरचे असतात, ह्यातलं काही बदललं की परत खालून, म्हणजे बहुतेक पावडरींना कमाल आकड्याच्या १० टक्के खालून, सुरुवात करायची.

प्रायमर चपटा होण्याचं तर ऐकूच नका. कुठल्या कंपनीच्या प्रायमरची वाटी मऊ, कुठल्या कंपनीची कडक, त्यामुळे एक सेफ लोडलाही (भरलेल्या मापालाही) चपटा होतो आणि दुसरा मर्यादा कधीच ओलांडली तरी गोल राहतो. पितळ सांगतं पण उशिरा सांगतं. रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या हाताने ठोकून काढाव्या लागल्या म्हणजे मर्यादा मागेच गेली. शिवाय काही पावडरींचं प्रेशर उन्हात वाढतं, जानेवारीत ठीक वाटलेला लोड फिनिक्सच्या जूनमध्ये ठीक राहीलच असं नाही.

निम्मी टाकायचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मॅग्नम रिव्हॉल्व्हरला चालणारी एच ११० पावडर घ्या, तिचा उत्पादकच सांगतो की कमाल आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून खाली जाऊ नका. कमी टाकली की ती नीट पेटत नाही, बुलेट नळीतच अडकते, आवाज नुसता फुस्स येतो, आणि त्याच्या मागून पुढचा बार काढला की नळी फुगते किंवा फुटते. फुस्स झालं की थांबा, बंदूक रिकामी करा, नळीत काही अडकलंय का बघा.

उलट जलद पेटणारी पावडर एवढीशीच लागते, तिथे दोनदा पडली तरी पुंगळीत मावते. वजन ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, सराफाच्या अर्ध्या गुंजेएवढं. मी बसलो होतो त्या दिवशी भाच्याने ५० पुंगळ्यांचा ट्रे भरला, बुलेट बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकेकीत डोकावत गेला आणि तिसऱ्या ओळीत थांबला, "मामा, ही बघा". शेजारचीपेक्षा पावडर दुप्पट वर दिसत होती. मधेच फोन वाजला होता. त्याने ती पुंगळी आणि आख्खा ट्रे ओतून टाकला आणि पहिल्यापासून भरला, फोन घरात ठेवून.

राहिली पुंगळी. रिव्हॉल्व्हरची तोंडाशी फाटते हे बरोबर, पण मॅग्नम रायफलची बुडाशी पितळेचा उठलेला पट्टा असलेली पुंगळी बहुतेक वेळा आतून, पट्ट्याच्या जरा वर, पातळ होत जाते, दरवेळी साइझिंग करताना, म्हणजे पुंगळी दाबून परत मापात आणताना, तिचा खांदा (मानेखालचा उतार) जास्त मागे ढकलला की अजून लवकर. बाहेरून तिथे चकचकीत रेघ दिसते. भाचा पेपरक्लिप सरळ करून टोक वाकवतो आणि आतून भिंतीवर घासत वर आणतो, खाच झाली असेल तर टोक तिथे अडकतं. माझ्या हातात दिली तेव्हा मलाही लगेच लागलं. अशी पुंगळी तो तिथल्या तिथे पक्कडीने चेपतो, चुकून परत डब्यात जायला नको.