गप्प बसलेला क्लायंट म्हणजे खूश क्लायंट?

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. कोथरूडचा दादा नोकरी सोडून चाकण-भोसरीच्या कंपन्यांचे कॅटलॉग डिझाइन करतो. धाकट्या बहिणीने नुकतंच फ्रीलान्स सुरू केलंय, तिने साधं विचारलं की काम संपल्यावर क्लायंटला फीडबॅक मागावा का. दादाचं उत्तर, "अजिबात नाही. गप्प बसलाय म्हणजे खूश आहे, कशाला खाजवून खरूज काढायची?" त्यावर सगळ्यांचे अंगठे. मी हॉलंडमध्ये राहून फ्रीलान्स करते, मी लिहिलं की मी तर प्रत्येक कामानंतर विचारते, तर लगेच "तुमचं तिकडचं वेगळं असतं गं." हे वाक्य माझ्या असं डोक्यात जातं ना, म्हणजे भाजीचे भाव असोत, पोरांच्या शाळा असोत नाहीतर आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, मी काही बोलले की शेवटी हेच.

बरं, तिकडचं म्हणजे काय? बाबांचा सांगलीत छापखाना होता. खिळे जुळवायचे, ट्रेडलवर छापायचं, मुख्यतः लग्नपत्रिका. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय बाबांनी एक पत्रिका छापली नाही. बाकावर घरातली तीनचार माणसं दाटीवाटीने बसायची, एकजण मोठ्याने वाचायचा, आणि हमखास कुणीतरी म्हणायचं, अहो आत्याबाईंचं नाव राहिलं की! आणि लग्न झाल्यावर बाबा परत विचारायचे, कागद पातळ वाटला का, अक्षर बारीक झालं का म्हाताऱ्या माणसांना. ही काय हॉलंडची पद्धत होती? दादा, उन्हाळ्याच्या सुट्टीत तू स्वतः त्या बाकावर बसून आंबे खाल्लेत.

पण दादाचं खरं कारण वेगळं आहे आणि ते मला पटतं, म्हणजे पटायला नको पण पटतं. अर्धे पैसे ॲडव्हान्स मिळतात, उरलेले "साहेब बाहेरगावी आहेत" मध्ये अडकतात, आणि अशात तुम्ही विचारलंत की काही कमी राहिलं का, तर तो म्हणतो हो, राहिलं ना, आणि बिलातून दहा टक्के कापतो. म्हणजे फीडबॅक मागणं हे त्याच्या हातात कात्री देणं झालं. इथे तसं होत नाही, मोठ्या कंपनीला माझ्यासारख्या छोट्याचं बिल तीस दिवसांत द्यावंच लागतं, २०२२ च्या जुलैपासून कायदाच आहे. पण अरे, आपल्याकडेही आहे की! छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईचा कायदा २००६ चा, करारात काहीही लिहा, पंचेचाळीस दिवसांच्या वर बिल ठेवता येत नाही. आणि आता इन्कम टॅक्सच्या नियमामुळे २०२३-२४ या वर्षापासून उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च क्लायंटला वजावटीत धरता येत नाही. पण यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, लागतं आणि दादाने ते केलेलं नाही, कारण "कशाला सरकारच्या नजरेत यायचं". मग बसा फीडबॅकला घाबरत.

आता माझं सांगते. मी मशीनची मॅन्युअल्स लिहिते. मागे इथल्या हेल्मंड गावच्या एका पॅकेजिंग मशीनवाल्या कंपनीचं काम होतं. प्रोजेक्ट मॅनेजरने मेलवर छान छान म्हटलं, बीटीडब्ल्यूसकट (आपल्या जीएसटीसारखा इथला कर) बिल पास झालं, संपलं. तरी मी म्हटलं मला मेंटेनन्सवाल्यांशी बोलू दे. कँटीनमध्ये एक पांढऱ्या मिशीवाला आला, हातात माझी प्रिंट, पानांचे कोपरे दुमडलेले, एका पानावर ग्रीसचा अख्खा अंगठा. बसायच्या आत म्हणाला, "इथे लिहिलंय झाकण उघडा आणि बेल्ट फिरवून ताण बघा. झाकण उघडलं की मशीन बंद पडतं. हे जिने लिहिलंय तिने मशीन कधी उघडलेलं नाही." जिने लिहिलंय ती समोरच बसली होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. (इंजिनियरने दिलेल्या ड्रॉइंगमध्ये तसंच होतं आणि त्यानेच ते तपासून सही केली होती, पण असो.) मग त्याने विचारलं अजून कॉफी घेणार का, आणि पुढचा अर्धा तास मला त्या मशीनबद्दल इतकं सांगितलं की तसं कुणीच सांगितलं नव्हतं. बिल पास करणाऱ्याला विचारलं तर तो छानच म्हणणार, त्याला फाइल बंद करायची असते. विचारायचं ते वापरणाऱ्याला.

आणि काय विचारायचं हेही महत्त्वाचं. "माझं काम कसं वाटलं" हा प्रश्नच चुकीचा, त्याचं उत्तर एकतर "छान" येतं नाहीतर "लोगो थोडा मोठा हवा होता". मी विचारते, कुठल्या पानावर माणसं अडतात? काय कुणी वाचतच नाही? पुढच्या वेळी यातलं काय काढून टाकाल? तेही सगळे पैसे खात्यात आल्यावर. माझा बूकहाउडर, म्हणजे हिशेब बघणारा, तर बजावूनच सांगतो की कामाबद्दल विचार, स्वतःबद्दल नको. कारण २०२५ च्या १ जानेवारीपासून इथलं टॅक्स खातं झेडझेडपीवाल्यांकडे, म्हणजे माझ्यासारख्या एकट्याने धंदा करणाऱ्यांकडे, पुन्हा बारकाईने बघायला लागलंय, हा खरंच स्वतंत्र धंदा आहे की नावापुरता कंत्राटदार आणि आतून नोकर. २०२३ च्या डिलिव्हरू या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीच्या निकालात इथल्या सुप्रीम कोर्टाने जे मुद्दे दिलेत त्यात माणूस कंपनीत किती मिसळलाय हाही एक आहे. मग वर्षाच्या शेवटी मॅनेजरने समोर बसवून माझं मूल्यमापन केलं तर ते नोकरीसारखंच दिसणार ना.

त्यामुळे कंपन्या आता सोवळं पाळल्यासारख्या वागतात. टीमच्या सहलीला मला बोलावत नाहीत, ख्रिसमसच्या भेटीची पेटी सगळ्यांच्या टेबलावर आणि माझ्या टेबलावर नाही, वाढदिवसाच्या केकच्या मेलमधूनही नाव गेलं. कुणाचं काही चुकलेलं नाही, कायदा बरोबरच आहे, मी स्वतःच नोकरी नको म्हटलं होतं. पण त्या लोकांबरोबर निवांत बसायचं माझ्याकडे एकच अधिकृत निमित्त उरतं, ते म्हणजे हा फीडबॅक. ग्रुपवर मी क्वालिटी, प्रोफेशनॅलिझम वगैरे बरंच लिहिलं, ते खोटं नाही, पण हे लिहिलं नाही. दादाला याची गरज नाही. त्याचा भोसरीचा क्लायंट बिल चार महिने ठेवतो आणि खंडेनवमीला मशीनच्या पूजेला मात्र आवर्जून बोलावतो, प्रसाद देतो, वहिनींसाठी डबा भरून देतो. तिथे उभ्याउभ्याच कुणीतरी ऑपरेटर म्हणत असेल, साहेब ते कॅटलॉगमधले फोटो फार काळे आलेत. म्हणजे फीडबॅक त्याला मिळतोच, न मागता मिळतो, तो त्याला फीडबॅक म्हणत नाही एवढंच. मला जे अपॉइंटमेंट घेऊन, पंधरा दिवस आधी मेल करून मिळवावं लागतं ते त्याला पेढ्याबरोबर मिळतं आणि हा म्हणतो विचारायचं नाही.

आणि तरीही तो चुकतोय. कारण धाकटीला कोण बोलावणार आहे पूजेला? तिचे क्लायंट बंगळुरूचे, एक सिंगापूरचा, स्क्रीनच्या बाहेर तिने कुणाला पाहिलेलं नाही. तिची अवस्था दादासारखी नाही, माझ्यासारखी आहे, पुण्यात बसूनसुद्धा. तिने गप्प बसणाऱ्याला खूश समजलं तर तो पुढचं काम दुसऱ्याला देईल आणि हिला का ते कळणारही नाही.

तेव्हा धाकटे, तू विचार. माझे तीन प्रश्न तुला वेगळे पाठवलेत, तुझ्या कामाप्रमाणे बदलून घे, आणि फायनल पेमेंट आल्याशिवाय एकही पाठवू नकोस, एवढं दादाचं ऐक. आणि दादा, उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नकोस. रविवारी कर.