विदर्भ एक्स्प्रेसमधला वाचक

ऑफिसात मी फाइल उघडून बसलो की माझ्या टेबलाकडं कोणी फिरकत नाही. नाडी सुटलेली, पेनाचं टोपण तोंडात, कपाळाला आठ्या. मग खुशाल डुलक्या काढा. शिपाईसुद्धा चहा आवाज न करता ठेवून जातो. तोच मी रेल्वेत कादंबरी उघडली की अख्ख्या डब्याला वाटतं, बिचारा रिकामा आहे.

1953 च्या नागपूर कराराच्या पुण्याईनं हिवाळ्यात अधिवेशनाला मुंबई आमच्याकडं येते, सावजी खाऊन घाम पुसते आणि परत जाते. उरलेलं वर्ष फायली काखेत मारून आम्ही मुंबईला. 837 किलोमीटर, एक रात्र. दोनशे पानं तर सहज होतील, असं नागपूरच्या बर्डी बाजारातून पुस्तक घेताना मला दरवेळी वाटतं.

गाडी गोंदियाहून येते. त्यामुळं नागपूरला आपण चढतो तेव्हा आपल्या खिडकीत भंडाऱ्याचे काका-काकू आधीच नांदत असतात.

"काय वाचून रायले जी?"

"कादंबरी."

"म्हंजे झालेली गोष्ट नाही न?"

"नाही."

"मंग काऊन वाचता?"

मराठी समीक्षेकडं याचं उत्तर असेल, माझ्याकडं नव्हतं. मी हसलो. तिथंच चुकलं. वर्धा येईस्तोवर जावयाचा पगार आणि काकांचं पित्त दोन्ही मला पाठ झालं. काकूंनी संत्री सोलायला घेतली. सालं कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं, आणि माझ्या मांडीवरच्या उघड्या पुस्तकावर ठेवली. पान 14 वर तो पिवळा डाग अजून आहे. शेजारचा तेलकट डाग शेगावच्या कचोरीचा. नायिकेचं आडनाव त्याच्याखाली गेलं.

पुढच्या खेपेला मी शहाणा झालो. पुस्तक सरळ सरकारी फाइलीत घातलं, टोपण तोंडात धरलं. डबा चिडीचूप! अजनी गेलं, बुटीबोरी गेलं. तब्बल नऊ पानं झाली. समोरचे गृहस्थ तर अदबीनं पाय आखडून बसले होते. सिंदीच्या आसपास ते पुढं वाकले.

"साहेब महसूलचे का जी?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही कळलं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला. पिशवीतून पिशवी, तिच्यातून आणखी एक पिशवी, आणि तिच्यातून सातबारा निघाला. भावानं फेरफार अडवला होता, विहीर सामाईक होती, आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरसाल हातभर सरकत होता. मधल्या बर्थवर आडवं व्हायची दहाची वेळ केव्हाच टळून गेली. भुसावळ येण्याआधी कादंबरीच्या मागच्या कोऱ्या पानावर मी त्यांना धुऱ्याचा नकाशा काढून देत होतो.

त्यांनी ते पान अलगद फाडलं, चार घड्या करून सातबाऱ्यात ठेवलं आणि मला हात जोडले.

पानाच्या दुसऱ्या बाजूला कादंबरीचा शेवट होता.