३०० डीपीआयचं खूळ

आम्हा फोटोग्राफरांकडे वेबसाइटसाठी फोटो मागताना ‘३०० डीपीआयच हवा, नाहीतर ब्लर दिसतो’ हे या गिऱ्हाइकांना शिकवतं कोण? अहो, डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके छापायचे ते; ते छपाईसाठी! स्क्रीनला फक्त पिक्सेल कळतात. १२०० पिक्सेल रुंद फोटोवर ७२ लिहा नाहीतर ३००, मोबाईलवर तसूभर फरक पडत नाही. पण नाही. ६००० पिक्सेलची फाइल तशीच चढवायची, साइटने ती चेपली की फोन: ‘दादा, फोटो शार्प नाही आला.’ कसा येईल? आधी हवा तेवढा लहान करा, मग शार्पन, म्हणजे कडा ठळक करा, तेही हलक्या हाताने. नाहीतर नवरीच्या भुवयांभोवती पांढरी कड उमटते. मग एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपेग फाइल सेव्ह करा. एवढं सांगून वर ऐकायचं, ‘तुम्हीच करून द्या की, दोन मिनिटांचं तर काम!’ त्या दोन मिनिटांचं बिल लावलं की तोंडं वाकडी.